दोन सुखीबाई

पुसद,
९ डिसेंबर २०२५

प्रिय ओम,

जय सेवालाल. पुण्यात थंडी पडली असेल. इकडे सगळे ठीक. अब्बांचं गॅरेज चालू आहे. जुबैदा अजून विचारते, ‘ओमभाई कधी येणार?’ तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला, म्हणून लिहितोय.

तुझा सांगाडा जोरात चालतो. पुण्याला जाताना तू ते सगळ्या कामांना चालणारं तयार फ्रेमवर्क देऊन गेलास, नाहीतर एकेका दुकानाच्या सॉफ्टवेअरला आपले महिने जायचे. आता आठवड्यात उभं राहतं. कापड दुकान, जिनिंग, शाळा; आत तेच, वर पाटी बदलायची. एका जागी चूक सुधारली की सगळीकडे सुधारते. पण न दिसलेली चूकही सगळीकडे जाते, ओम. मी दमलोय.

उन्हाळ्यात महागावच्या एका दवाखान्यात तोच बसवला. नाव, आडनाव, गाव जुळलं की माणूस एकच, हा नियम तू कापड दुकानासाठी लिहिला होतास. शेठ म्हणाले होते, “मधलं नाव कायले पाह्यजे? गर्दीत टाइम जाते.” दुकानात चुकून चुकणार काय, तर दिवाळीचा मेसेज भलत्याच घरी. पण तुमच्या तांड्यात अर्धी घरं राठोड. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, तुमच्याकडे काय कमी जेवलोय? तरी नियम उघडून पाहिला नाही. वेळ वाचत होता ना.

तांड्यातल्या दोन सुखीबाई राठोड दवाखान्यात एक झाल्या. एकीला शुगर. दुसरी गुडघ्यांसाठी गेली आणि शुगरच्या गोळ्या घेऊन आली. चुलीपाशी भोवळ येऊन पडली.

नाव वाचून तुला कळलंच असेल. दुसरी म्हणजे आपली याडी. तुझी आई.

घाबरू नकोस. यवतमाळला नेलं होतं, काल घरी आणली, भाकर खाल्ली. तिनेच सगळ्यांना दम दिला होता, “ओमले सांगू नका.” दवाखान्यातलं मी बंद केलंय, बाकीच्या ठिकाणचं एकेक उघडून पाहतोय.

मी तिला विचारलं, “याडी, गोळ्या वेगळ्या दिसल्या नाहीत का?”

“दिसल्या ना. सिस्टरले म्हटलंबी. थे म्हणे, कम्प्युटरवर हेच हाय.” मग हसली. “मले वाटलं, माह्या ओमनं बनवलं हाय, थो कसा चुकन?”

मला तिथे बसवेना.

तू ये. कोड मी पाहतो, तू तिच्याजवळ बस.

तिला अजून काहीच सांगू न शकलेला,
जमीर