स्वयंपाकघरातलं इंग्रजी रान

बाबा, आज ऑफिसमध्ये नव्या पोरीनं विचारलं, "मॅडम, इमारतींची ही छोटी मॉडेल करायला कुठं शिकलात?" मी ताठ मानेनं सांगितलं, "तिकडं आखातात, मुऐदरला, आमच्या स्वयंपाकघरात, वडिलांकडून." तिला वाटलं, चेष्टा करतेय. तिला काय ठाऊक, आपल्या त्या ओट्यावर इंग्लंडातलं अख्खं रान उभं राहिलं होतं!

तुमचा गोरा साहेब निवृत्त होऊन मायदेशी चालला होता. जाताना त्याला त्याच्या गावचं छोटंसं रान आणि भोवतालची तीन जुनी गावं फळीवर करून हवी होती. जमलं तर तुमची मॉडेल-रूम चालू ठेवा असं कंपनीला सांगून जाणार. नाहीतर खलास, आपण चंबूगबाळं आवरून रत्नागिरीला. आई रोज चहाचा चोथा वाळवून देतेय, रानातल्या मातीसाठी. तुम्ही जुन्या पायपुसण्याच्या काथ्यानं घरं शाकारताय, चर्चचा मनोरा घासून घासून जुना करताय. मी हिरव्या रंगात बुडवलेले स्पंजाचे तुकडे तारांवर खोचतेय. आई करवादते, "अहो, पोळ्या कुठं लाटू? त्या चर्चवर?"

साहेब घरी आला, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. "पायवाट कुठाय? तिन्ही गावांची माणसं या रानातूनच चर्चला जातात!" त्यानं दिलेल्या फोटोतल्या पांढऱ्या पट्ट्याला तुम्ही ओढा, आपल्याकडचा पऱ्या समजलात आणि त्यात निळं पाणी सोडलंत. आपल्या गावच्या देवराईत कुणी वाट पाडत नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही. रानातून रहदारी असेल हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही मोडक्या इंग्रजीत त्याला हे सगळं शांतपणे सांगितलंत, फळीपुढं हात जोडलेत आणि मगच चिमट्यानं पहिलं झाड काढलंत. स्पंजाचं झाड हो! वाट झाली तेव्हा तिच्यावरून बोट फिरवत साहेब मनोऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "माझं लग्न इथं झालं." मॉडेल-रूम राहिली, आपणही राहिलो. पण मला अभिमान आहे तो त्या जोडलेल्या हातांचा. आजही ऊर भरून येतो.

गेल्या वर्षी कामासाठी लंडनला गेले होते. त्या गावाचं तिकीटही काढलं, आणि गेले नाही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. भीती वाटली, बाबा. तुमच्या रानापुढं ते खरं रान फिकं पडलं असतं, तर मी सांगणार कुणाला होते?