प्रागच्या आगगाडीविषयी पंजाबरावांस

अमडापूर, ता. चिखली
माघ पौर्णिमेचा दुसरा दिवस

ज्यांच्या करुणेला काठ नाही त्या तथागतांस, त्यांनी दाखविलेल्या वाटेस, आणि त्या वाटेवरून आपल्या पुढे चालून गेलेल्या सर्व सत्पुरुषांस प्रथम वंदन करून मग ही लेखणी हाती धरतो.

सन्मित्र पंजाबराव यांस, मुक्काम डोणगाव, देवानंदचा सप्रेम जय भीम आणि तुमच्या रीतीप्रमाणे रामराम. तुमच्या गुडघ्यास उतार पडला असेल, सौ. शालूबाईंचा रक्तदाब त्यांच्या स्वभावाप्रमाणेच शांत असेल, आणि हरभरा घाटेअळीच्या तावडीतून सुटला असेल, अशी आशा करतो. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाल्यामुळे अक्षर मुद्दाम मोठे काढीत आहे. (त्यामुळे कागद अधिक लागले, ह्यावरून सौ. अन्नपूर्णा दोनदा बोलली.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे.

विषय असा की, आमची नात समता, चिरंजीव प्रसेनजितची थोरली, जर्मनी देशात ड्रेस्डेन नामक नगरीत मातीवर संशोधन करते. (शेतकऱ्याच्या घरात मातीवर एवढे शिकावे लागते हे ऐकून तुम्ही मागे हसला होता.) तिने वैशाखात आम्हां उभयतांस बोलाविले आहे. पारपत्रे झाली, व्हिसा झाला, लोकरीचे कपडे झाले. आणि तिकडे गेल्यावर शेजारच्या चेक देशाच्या राजधानीस, म्हणजे प्राग नगरीस, तीन दिवस फिरून यायचे, असा तिने बेत केला आहे. हा प्रवास आगगाडीने व्हायचा आहे. हे वाक्य वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असेल, हे मी येथे बसून पाहतो आहे. थोडा धीर धरावा.

मी सहजासहजी दिपून जाणारा मनुष्य नाही. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले, निवृत्तीनंतर पाली भाषेत बुडालो, देवलोकींचे सुवर्णप्रासाद मूळ भाषेत वाचून पचविले. परंतु समताने मोबाइलवर ह्या प्रवासाची माहिती दाखविली तेव्हा मीही दिपलो. प्रागची गाडी केव्हा असते, असे मी विचारले. ती म्हणाली, "तुम्हाला केव्हाची पाहिजे, आबा?" पंजाबराव, ह्या एका उत्तरावर मी किती चिंतन केले म्हणून सांगू! आपल्या मुलखात गाडीची वाट माणसाने पाहायची असते. आपल्या आजोबांनी पाहिली, वडिलांनी पाहिली, आणि वारसाहक्काने ती वाट आपल्याकडे आली. तिकडे गाडीच माणसाची मर्जी विचारते.

ती गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस कोणी हाताने रचून ठेवावेत असे उभे दगडी सुळके, आणि मध्ये खेडी. आपल्या आठवडी बाजारात भाजीच्या एका रांगेत जेवढी माणसे बसतात तेवढीही त्या खेड्यात नसावीत, आणि त्या खेड्यास स्टेशन! त्यावर बाक, बाकाशेजारी फुलांची कुंडी, वर घड्याळ, आणि ते घड्याळ चालू. ह्या गावाने रेल्वेची मागणी किती पिढ्या केली, असे मी समताला विचारले. तिला प्रश्नच समजला नाही. मला क्षणभर वाईट वाटले, परंतु लगेच मनास आवरले. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे ह्यालाच मुदिता म्हणतात, आणि तिचा अभ्यास करण्यास इतके योग्य स्टेशन मला आजवर मिळाले नव्हते.

पुढे वाटेत देश बदलतो. पुन्हा लिहितो, देश बदलतो, आणि कोणी उठवीत नाही, कोणी पेटी उघडावयास लावीत नाही. आपल्याकडे चिखली तालुका संपून मेहकर तालुका लागला की एस.टी.त गाढ झोपलेला मनुष्यही दचकून जागा होतो, कारण रस्ताच दचकतो. तिकडे एक राष्ट्र संपून दुसरे सुरू होते आणि पेल्यातल्या चहावर तरंग उठत नाही. (गाडीतच एक भोजनाचा डबा असतो व तेथे काचेच्या खिडकीशी बसून गरम जेवता येते. तरीही अन्नपूर्णेने भाकरी, ठेचा व शेंगदाण्याची चटणी नेण्याचा निश्चय केला आहे. शेजारच्या प्रवाशास न देता आपण कसे जेवायचे, आणि त्याला द्यायचे तर त्या लोकांचे सपक अन्न द्यायचे काय, असा तिचा प्रश्न आहे.)

आणि प्राग! तेथे भर चौकात एका बुरुजावर शेकडो वर्षांचे घड्याळ आहे. त्यावर सूर्य कोणत्या राशीत आहे, चंद्र कोठे आहे, हे सारे दिसते. परंतु मी थक्क झालो तो पुढच्या गोष्टीने. दर तासाला त्या घड्याळाशेजारी उभा असलेला हाडांचा सापळा घंटा वाजवितो. मृत्यू स्वतः दोरी ओढतो, आणि सारे नगर खाली उभे राहून वर पाहते! आम्ही मरणस्मृतीच्या साधनेसाठी पहाटे उठून बसतो आणि निम्मा वेळ गुडघ्याची स्मृती करतो. ह्या लोकांनी ती साधना बाजारपेठेत टांगून ठेवली आहे. (समता म्हणते की घंटा संपताच लोक फोटो काढून आइस्क्रीम खावयास जातात. असोत. घंटा तर ऐकतात.) त्या घंटेखाली एकदा उभे राहावे अशी तीव्र इच्छा मला झाली आहे, आणि ह्या वयात इच्छा झाली याचेही मला आश्चर्य वाटते.

आता तुम्ही म्हणाल, हे ठीक, पण तरुणपणी चिखलीच्या सभेत आपले काय ठरले होते? पंजाबराव, मी विसरलेलो नाही. रेल्वेच्या सर्वेक्षणाचे साहेब लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन तुमच्या काकांच्या ज्वारीतून फिरून गेले होते आणि पुढे काही हालत नव्हते. दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन शिष्टमंडळ नांदुऱ्याहून गाडीने मुंबईस जायचे होते व त्याचे पुढारीपण तुमच्याकडे होते. अशा वेळी तुम्ही उभे राहिलात, ओंजळीत पाणी घेतलेत आणि गर्जना केलीत की, आपल्या मुलखात रेल्वे येईपर्यंत मी आगगाडीत बसणार नाही! सभा थरारली. तुमच्या शेजारी मी होतो. छातीवर हात ठेवून मीही उठलो. एकाने दुसऱ्यास मोकळे केल्याशिवाय ही शपथ सुटणार नाही, असेही तेथेच ठरले. टाळ्या वाजविणारे सारे दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेले. आपण दोघे एस.टी.ने निघालो आणि पोहोचलो तेव्हा मंत्रिमहोदयांची भेट आटोपलेली होती. निवेदन मात्र आपल्या पिशवीत होते. (ह्याचा आणि रेल्वे न येण्याचा काही संबंध असावा काय, ह्यावर विचार करणे मी सोडून दिले आहे.)

ती शपथ आपण कशी पाळली हे जग जाणते. तुमच्या सुचिताच्या लग्नाला वऱ्हाड भोपाळास गाडीने गेले, आणि वधूपिता मागून टेम्पोत, जिलेबीच्या कढईत मांडी घालून. मी बुद्धगयेस बसने गेलो व परतल्यावर आठवडाभर उभ्याने जेवलो. परंतु ह्या सर्वांत एक व्यक्ती अशी आहे की जिने शपथ कधी घेतलीच नाही आणि पाळली मात्र पूर्ण. अन्नपूर्णा नांदुऱ्याजवळच्या वडनेर भोलजीची. माहेरी जाताना वाटेत रेल्वेचे फाटक लागे. फाटक पडले की साऱ्या बसमधून कुरकुर उठे. ही एकटी प्रसन्न होऊन खाली उतरे आणि गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभी राही. माझ्यामुळे ती आजवर कोणत्याही गाडीत बसलेली नाही. तिने तसे कधी बोलूनही दाखविले नाही, म्हणून मलाही ते दिसले नाही.

परवा दिसले. समताने त्या गाडीच्या खिडकीतून काढलेले चलचित्र पाठविले होते. मी माजघरात गेलो तेव्हा अन्नपूर्णा मोबाइल आडवा करून, शेजारी खिडकी असावी तसा कानशिलाजवळ धरून, तिरप्या नजरेने पाहत होती. नदीकाठी काही मुले उभी होती. तिने त्या मुलांस हात केला. मी पाय न वाजविता परत फिरलो.

तेव्हापासून घरात शपथेवर शास्त्रार्थ सुरू आहे. समता फोनवरून म्हणाली, "ही विजेवर चालते, आबा. आगच नाही, तर आगगाडी कशी?" प्रसेनजितचे मत असे की शपथ भारतीय रेल्वेपुरतीच होती. अन्नपूर्णा म्हणाली, "बसनार नाही म्हनलं होतं ना? मंग उभे राहा प्रागपर्यंत! मी बसीन, तुमी बसू नका, झालं." मी सर्वांस नम्रपणे सांगितले की कर्म हे चेतनेत, म्हणजे मनातल्या हेतूत, असते. शब्दांच्या फटीतून निसटणाऱ्यास शब्द सोडतील, चेतना सोडणार नाही. शपथ घेताना माझ्या मनात साऱ्या गाड्या होत्या. बसावयाच्या, उभ्याने जावयाच्या, देशी आणि विदेशी.

तेव्हा अंतिम निर्णय असा झाला आहे की, समता व अन्नपूर्णा गाडीने जातील आणि मी त्याच दिवशी बसने निघून प्रागच्या स्टेशनबाहेर त्यांची वाट पाहीन. तुम्हांस केवळ माहिती असावी म्हणून कळविले. माझी काही मागणी नाही. फक्त तुमची ती काशीहून आणलेली लोकरीची कानटोपी, सापडल्यास, कोणाच्या हाती पाठवावी. शालूबाईंस नमस्कार.

तुमचा,
देवानंद

ता. क. कानटोपी माझ्याकडे आहे. मागील खेपेस तुम्हीच विसरून गेला होता. मागणे निराळे आहे व ते वर लिहिण्याचे धैर्य झाले नाही. पंजाबराव, मला मोकळे करा. ह्या देहात आपल्या मुलखात रेल्वे येईल असे मला आता वाटत नाही, आणि आली तरी अन्नपूर्णेला त्या डब्याची पायरी चढवेल काय, हे सांगता येत नाही. तुमची निष्ठा माझ्यापेक्षा मोठी आहे, हे मी नेहमी मानीत आलो. म्हणूनच मागताना लाज वाटते. नाही म्हणालात तरी मैत्रीत उणे येणार नाही. मी बसने जाईन.

दुसरा ता. क. अन्नपूर्णा शेजारी बसून आपलेही लिहा म्हणते. तिचे शब्द तिच्याच तोंडचे लिहितो: "पंजाबभाऊ, रामराम. ह्यायनं इतके पानं भरले अन् मुद्दा तळाशी ठेवला. मले त्या खिडकीत बसाचं हाये, पन एकटीले नाही. एकटीलेच बसाचं असतं तं लग्नाआंधीच नांदुऱ्याहून बसून गेली असती, तुमचा हा दोस्त पदरात पडलाच नसता. हे बसमंदी झोपतात अन् यायचं डोकं माह्या खांद्यावर येते. मले बाहेरचं काहीच दिसत नाही. गाडीत हे समोर बसतीन, मंग झोपो का जागो. तुमी दोघायनं शपथ घेतली, शाबास. मले कोनी इचारलं होतं का? आता सोडा बापा."

तिसरा ता. क. पाकिटास डिंक लावीत असता, हरभरा काढण्याच्या यंत्राविषयी विचारण्यास तुमचाच फोन आला. मी यंत्रावर बोलत राहिलो. तेव्हा अन्नपूर्णेने मोबाइल माझ्या हातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि हे सारे पत्र एका दमात सांगून टाकले. पुढे तुम्ही जे बोललात ते तुम्हांस ठाऊकच आहे. तरी मी ते लिहून ठेवतो, कारण अजून माझा माझ्या कानांवर विश्वास बसत नाही.

"अबे देवा, तू खरंच आजलोक गाडीत बसला नाही? मले तं वाटे, तू गुपचूप बसत असशीन! अबे, मले लहानपनापासून रेलगाडीचं भेव वाटते. मामानं मलकापूरले इंजिनापाशी नेऊन उभं केलं होतं, तवापासून धडधड आयकली का कानावर हात ठेवतो. अन् हे लोक म्हनत, उद्या गाडीनं मुंबईले चाल, पुढारी तूच! मंग काय करू? घेतली शपथ. पन तू काऊन उठला बे माह्या मांगून? मी तुले उठ म्हनलं होतं का?"

अन्नपूर्णा पदराने तोंड झाकून हसली, मग डोळे पुसू लागली, मग पुन्हा हसली. नंतर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "जाय बापा, सोडलं तुले. वहिनीले घेऊन बस. फक्त हे कोनाले सांगू नको." सांगणार नाही. मात्र स्पीकर चालू असल्याने शेजारच्या सोजराबाईंनी ऐकले आहे, आणि सोजराबाईंच्या बाबतीत मी कोणतेही वचन देऊ शकत नाही.

मी सत्यासाठी जे पाळले, तेच तुम्ही भयापोटी तितक्याच काटेकोरपणे पाळले, आणि दोघांपैकी कोणीही एकदाही चुकला नाही. ह्याहून अद्भुत असे मला त्या चौकात तरी काय पाहावयास मिळणार आहे? भरसभेत घेतलेली शपथ फोनवर सुटली असे मानावयास मन धजत नाही, म्हणून हे पत्र पाठवीतच आहे. उत्तरादाखल दोन ओळी तुमच्या हातच्या याव्यात. समताला मी तिसरे तिकीट काढावयास सांगितले आहे.

हे पत्र जो वाचील आणि ज्याला ते वाचून दाखविले जाईल, त्याच्या घरात कोणाची न बोललेली इच्छा बसून असेल तर ती त्याच्या वेळेवर दृष्टीस पडो; ज्याला ज्याचे भय वाटते त्याला ते सांगण्याजोगा एक मित्र मिळो; आणि दूरचे, जवळचे, जाणारे, राहणारे सारे जीव निर्भय होवोत, सुखी होवोत.