डावा पंख की उजवा

मंगळवार, तारीख अकरा
सकाळचे साडेनऊ

लाडक्या भिंगरीस,

आजीचे खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असशील. तारीख आणि वेळ ह्यांनी घातली, मला आपला वार तेवढा कळतो. पत्र मी सांगतेय आणि तुझे आजोबा लिहितायत. त्यांना आधीच बजावलंय, मी बोलेन तो शब्दन् शब्द उतरवायचा, मध्ये आपलं शहाणपण घुसडायचं नाही. मला वाचता येत नाही म्हणून काय झालं, पेन कधी थांबतं आणि कधी जास्तीचं चालतं ते बरोब्बर कळतं.

(सांगते तसंच लिहितो आहे. – आजोबा)

बघ, आत्ता जास्तीचं चाललं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस, तुझ्या मागे कुणीतरी हाका मारत असतं, आणि मला सांगायचं असतं एक आणि मी बोलते भलतंच. पत्रातही तसंच होणार असं दिसतंय. पण कागदाला निदान घाई नसते.

तर खुशाली. पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता तो प्लंबरने बसवून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारचा गळायला लागला. मांजरीला पिल्लं झाली, चार. कुठे घातली विचार. ह्यांनी घरात बांधलेल्या विमानात, तुझ्याच खुर्चीखाली. तुझे आजोबा मला कधी आत बसू देत नाहीत, पण त्या बयेला काही बोलले नाहीत. उलट इंजिनावरचं जुनं पांघरूण तिला अंथरून दिलं.

हो, इंजिन आता बेडरूममधून हललं बाई. दीड वर्ष आमच्या दोघांच्या पलंगाशी होतं. मी म्हणायचे, सवत आणलीत ती आणलीत, वर तिला पांघरूणही माझंच!

(इंजिन ओलीत ठेवता येत नाही. – आजोबा)

बाकी घर तू मागे पाहून गेलीस तसंच. कारखान्याची खोली अडीच हात कमी पडली म्हणून विमानाचं शेपूट अजून स्वयंपाकघराच्या दारातून आत आलेलं आहे. ते पोळपाटाच्या उंचीवर आहे, सोयीचं पडतं, मी ओलं फडकं त्यावर टाकते. हे ओरडतात. मी म्हणते, उडेल तेव्हा काढीन.

तुझ्या येण्याची गल्लीभर दवंडी पिटून झालीय. रविवारी नात येणार आणि विमान पहिल्यांदा उडवणार. न्हावी विचारतो, शिंपीण विचारते. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, मी दवाखाना बंद ठेवते. तुझे आजोबा सकाळी आरशासमोर मिशी दोन-दोनदा विंचरतात. मोजून अकरा केस आहेत तिथे.

आता जे सांगायचं ते सांगते.

पण त्याआधी तुला पंखांचं सांगायला हवं, नाहीतर समजणार नाही. तुला सगळं ठाऊक असेल, तू रोज शेतांवर फवारणीचं विमान नेतेस. पण तुमची पत्र्याची. आमचा पंख म्हणजे लाकडाच्या फासळ्या आणि वरून कापड. एका पंखाला चौदा फासळ्या. कापड चिकटवायचं, मग गरम इस्त्री फिरवून ढोलकीसारखं ताणायचं. सत्तेचाळीस वर्षं ज्यांनी माझ्या इस्त्रीला नावं ठेवली, ते म्हणाले, "ह्या कामाला तुझ्यासारखा हात नाही." मी इस्त्री खाली ठेवली आणि म्हटलं, पुन्हा म्हणा. म्हणाले नाहीत.

मग शिवण. प्रत्येक फासळीला कापड दोऱ्याने शिवायचं, म्हणजे वर गेल्यावर वारा ते उचलून काढत नाही. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. पंख दोन स्टुलांच्या मध्ये भिंतीसारखा उभा करायचा. एका बाजूला मी, एका बाजूला हे. मी सुई आत ढकलायची, ह्यांनी पलीकडून ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची, मी ओढून गाठ मारायची. मी म्हणणार "गेली," हे म्हणणार "आली." सगळ्या गाठी माझ्या बाजूला. गाठ का, तर एक टाका तुटला तरी बाकीचे जागच्या जागी राहावेत. गाठ नसेल तर एक तुटला की सगळी रांग उसवत जाते. हे त्यांनी मला पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं. मी काही बहिरी नाही.

(चारदा. – आजोबा)

भिंगरे, त्या खोलीत मी लग्न झाल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. आधी तिथे लोकांच्या मोटारी दुरुस्त व्हायच्या, मग हे विमान आलं. चहा द्यायला गेले तरी उंबऱ्यावर ठेवायचा. "तुझं काय काम इथे?" ठरलेलं वाक्य. आणि आता सकाळ झाली की हाक, "येतेस ना?" सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे, आम्ही मेण लावून गाठायला निघालो होतो.

आणि कापडापलीकडून हे बोलायला लागले. तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो वाटतं. शाळेत दोनदा नापास झालो म्हणाले. मला वाटत होतं एकदाच. तुझी आई जन्मली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो म्हणाले. मी तेव्हा विचारत होते कुठे गेला हा माणूस, तर म्हणाले होते मोटारीचं चाक बघायला गेलो होतो. असं एक-एक. पेन थांबलं बघ. लिहा हो, तिलाही कळू दे.

पहिला पंख संपला. दुसरा सुरू झाला. चार फासळ्या झाल्या, पाच झाल्या, आणि माझ्या मनात आलं की आता नऊच राहिल्या. मग? मग रंग, मग विमान पास करायला सरकारी तपासनीस येणार, आणि मग हे एकटे त्यात बसून वर जाणार आणि मी खाली. वय बहात्तर. हे वर जाणार आणि आमची शिवण संपणार, ह्या दोन गोष्टी मी मनात कशा कालवल्या ते मलाही सांगता येत नाही. एक भीती होती आणि एक भीती नव्हती, दुसरंच काहीतरी होतं.

अहो, आता पेन थांबवायचं नाही. मी हे पत्र शिंपिणीकडून लिहून घेऊ शकले असते. ती कधीही बसली असती. तुम्हालाच बसवलंय, कारण तुमच्या तोंडाकडे बघून मला हे सांगता येत नाही, आणि लिहिताना तुमची मान खाली असते.

भिंगरे, पाचव्या फासळीपासून पुढे मी गाठी मारल्या नाहीत.

वरची आणि खालची गाठ मारली. मधले सगळे टाके नुसता धावदोरा, गोधडीला घालतात तसा. पलीकडे ह्यांना काय कळणार, सुई यायची ती येतच होती. मी विचार केला, तपासनीस येईल, बोट लावेल आणि म्हणेल, आजी, हे चालायचं नाही, सगळं काढा आणि पुन्हा शिवा. म्हणजे उडणं लांबलं, आणि आणखी एक हिवाळा "गेली, आली."

पण ह्यांना रंगाची घाई. तपासनीस यायच्या आत शिवणीवर पट्ट्या चिकटवल्या आणि पांढरा रंग चढवला. तो आला, पंखावर टिचक्या मारल्या, पट्ट्यांखालून उठलेल्या टाक्यांच्या रांगेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, काय टाके आहेत, आखून काढल्यासारखे!" आणि सही करून गेला. ज्याच्या भरवशावर मी लबाडी केली त्यालाच माझी लबाडी आवडली. हसू की रडू ते कळेना, मी त्याला चहा दिला.

मी म्हटलं उद्या सांगू. मग ह्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा खराब निघाला, आणि डॉक्टरीणबाईंनी विमान चालवायचं नाही म्हणून लिहून दिलं. ते दोन दिवस जेवले नाहीत. आणि मी, काय सांगू, मी मोरीत जाऊन सुटले म्हणून श्वास सोडला. आता कुणी उडणार नाही, विमान असंच राहील, मांजर व्यायला उपयोगी पडेल.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी तुला फोन लावला. आणि तू ओरडलीस ती मला इथे चुलीपाशी ऐकू आली. "आजी! तुझ्या टाक्यांवर बसून उडणार मी!"

तेव्हापासून तीन आठवडे मी रोज तोंड उघडते आणि नळाचं बोलते.

—

आता दुपार झालीय. मधलं कळावं म्हणून सांगते. वरचं लिहून ह्यांनी पेन खाली ठेवलं, टोपण लावलं आणि उठून कारखान्यात गेले. दार लावलं नाही. मी इथेच बसून राहिले. वाटलं काही आपटतील, फोडतील. बऱ्याच वेळाने मी उंबऱ्यापर्यंत गेले. ते विमानाच्या पुढ्यात स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"कुठल्या फासळीपासून?"

"पाचव्या."

"नक्की?"

"किंवा सहाव्या."

"कुठला पंख?"

आणि इथे माझं डोकं खरंच भंजाळलं गं. शिवताना तो खिडकीकडे होता, म्हणून मी त्याला डावा धरून चालले होते. पण मग कापडाची बाजू बदलायला पंख उलटा केला. मग रंगासाठी सुताराने आणि प्लंबरने दोन्ही आढ्याला टांगले, मग उतरवले, मग जोडले. मी खूण म्हणून एके ठिकाणी निळा दोरा घातला होता, तो रंगाखाली गेला. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखे. मी एकासमोर उभी राहिले की तो खोटा वाटतो, दुसऱ्यासमोर गेले की तो. ह्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, हात उभा धरून सुई ढकलून दाखव म्हणाले. मी हवेत सुई ढकलली. आठवेना. शेवटी मलाच वाटायला लागलं, की मी खरंच गाठी सोडल्या होत्या की सोडाव्यात असं नुसतं मनात आलं होतं? नाही, सोडल्या. बोटांना आठवतंय. बोटांना डावं-उजवं आठवत नाही एवढंच.

"दोन्ही उघडावे लागतील," म्हणाले.

मी म्हटलं, हो.

मग म्हणाले, "मी माझ्या हाताने तिला आत बसवणार होतो. पट्टा मी आवळणार होतो."

मी म्हटलं, रागवा तरी. रागावले नाहीत. मांजरीच्या पिल्लांना टोपलीत घातलं, टोपली माझ्या हातात दिली, आणि एका पंखाच्या कापडावर पातं लावून टोकापासून टोकापर्यंत चिरत गेले. दोन वर्षांचं काम, कसला आवाज झाला तो. दुसऱ्यालाही तसंच. कुठल्या पंखात काय निघालं ते मी बघितलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हात धुऊन आले, इथे बसले, टोपण काढलं आणि म्हणाले, "पुढे सांग."

तेवढंच. तेव्हापासून जे सांगतेय ते गपचूप लिहितायत, मध्ये जास्तीचं पेन एकदाही चाललेलं नाही. सकाळी मला त्याची चीड येत होती.

तेव्हा पोरी, रविवारी येऊ नकोस. थांब, ये. तिकीट काढलं आहेस, आणि मला तुला बघायचंय, हात लावून बघायचंय. पण उडायला म्हणून येऊ नकोस. न्हाव्याला, शिंपिणीला काय सांगायचं ते मी सांगीन, माझ्या तोंडाने. ह्यांना लाजवायचं नाही.

कापड नवीन लागेल. ते पुन्हा शिवावं लागेल. कोण शिवणार ते हे बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. शिंपिणीचा हात चांगला आहे, तिला बोलावतील बहुतेक. बोलावलं तर बरोबरच आहे. मी चहा उंबऱ्यावर ठेवीन.

तू म्हणशील, आजी, तू हे भीतीपोटी केलंस ना? हो म्हण म्हणतेस तर म्हणते, ते ऐकायला बरं वाटतं. पण सारखं उलटंपालटं करून बघतेय आणि मला त्यातही डावं-उजवं लागत नाहीये. म्हातारा पडू नये म्हणून केलं, की म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारावी म्हणून? एवढं कळतं, की ज्या टाक्यांवर कुणाचा जीव बसणार ते टाके मी माझ्यासाठी घातले. हे तुला तुझ्या आजीकडूनच कळावं, म्हणून पत्र.

आता संपवते. अहो, खाली लिहा, "तुझी खोटारडी आजी."

लिहिलंत? एवढ्यात झालं? एवढा छोटा असतो होय तो शब्द? मला वाचून दाखवा. नका दाखवू, असू दे. पाकीट बंद करा.

तुझी
आजी