सव्वीस खण आणि एक झंपर

हसनाबाद, ता. भोकरदन, जि. औरंगाबाद
दि. १७ मे १९७६

तीर्थस्वरूप प्रभावतीआत्यांच्या चरणी शिवकन्येचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे दादा माझ्याशी बोलत नाहीत, आई फक्त भांड्यांशी बोलते आणि म्हैस नेहमीसारखी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? शाळेला सुट्ट्या लागल्या, तेव्हा जिने चढणं तरी थांबलं असेल. (गुडघ्याची चौकशी मी मनापासून करते आहे. पुढे काही मागायचं आहे म्हणून करते, असं समजू नये.)

हिवाळ्यात मी जालन्याला शिवणक्लास केला, तेव्हा मस्तगडातल्या एका वाचनालयातून ओळीने पाच कादंबऱ्या वाचल्या. पाचही एकाच मुलीच्या असाव्यात, नावं तेवढी निराळी. मुलगी एक पेटी घेऊन मुंबईत उतरते, फॅशनच्या मोठ्या दुकानात टाचण्या वेचायच्या कामाला लागते, मालकीणबाई शंभर पानांपर्यंत तिला घालूनपाडून बोलते आणि एकशेएकाव्या पानावर तिला गोदामात कुणालाच नको असलेलं कापड सापडतं. त्याचे ती असे काही कपडे शिवते की मालकीणबाई डोळे पुसत तिला जवळ घेते. पाचव्या कादंबरीची शेवटची पानं नव्हती (वाचनालयाच्या पुस्तकांचं तुम्हाला ठाऊकच आहे), पण तिचंही भलंच झालं असणार असं धरून मी माझ्या आयुष्याची आखणी केली.

औरंगाबादेत मुलींसाठी दोन वर्षांचा शिवणकामाचा कोर्स आहे, हे दिवाळीत तुम्हीच सांगितलंत. आत्या, मला तो करायचा आहे. इतकी ओढ मला आजवर कशाचीच वाटली नाही. दादांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या हातचं घरच्या एका माणसानं जरी खुशीनं घातलं, तर धाडतो. न्हाई तर जाफराबादचं स्थळ बघूनच राह्यलो मी."

साळूमावशीची सून बाळंत झाली म्हणून आई चार दिवस गेली आणि मला माझं एकशेएकावं पान सापडलं. आईची ट्रंक उघडली तर आत सव्वीस खण! कुणी शिवलेले नाहीत, कुणी घातलेले नाहीत. गोदाम आणखी वेगळं काय असतं? क्लासच्या बाईंचं हातमशीन आणलेलंच होतं. चार दिवसांत मी सव्वीसच्या सव्वीस झंपर शिवले. फुगेबाह्या, पाठीला नाडी, गळा होडीसारखा. कादंबरीत माप घ्यायला लाकडी बाई असते. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून सगळे माझ्याच मापाने शिवले. (माझं माप तुम्ही पाहिलेलंच आहे. ज्वारीच्या धाटाला बाह्या लावल्या की झालं.)

आई आली ती दुसऱ्या दिवशी मामाच्या लेकीच्या लग्नाला जाफराबादला निघायची म्हणून घाईत. आहेराला खण काढायला तिने ट्रंक उघडली.

"अगं, खण कुठं गेले?"

"शिवले," मी म्हणाले. अजून मला टाळ्यांची आशा होती.

"समदे?" आई मटकन खालीच बसली. "अगं शिवकन्ये, ते शिवायचे खण न्हवते, द्यायचे व्हते!"

मग मला खणांचा खरा धर्म कळला. कडेला इस्त्रीचा डाग असलेला जांभळा खण माझ्या बारशापासून चार गावं फिरून तीनदा आपल्या घरी आलेला होता. तो शिवावा असं इतक्या वर्षांत एकाही बाईच्या मनात आलं नाही. हे शहाणपण कादंबरीत कुठेच नव्हतं.

आता नवे खण आणायला वेळ नव्हता. आईने बाह्या आत दुमडून झंपरांच्या अशा घड्या घातल्या की पाहणाऱ्याला खणच वाटावेत (आईच्या हातात माझ्यापेक्षा कला आहे), आणि मांडवात नारळासोबत वाटून टाकले. ते निभावलंही असतं. पण चांगुणामामींनी आपल्याला मिळालेला खण रिवाजाप्रमाणे तिथल्या तिथे पुढे सरकवला, तोही नवऱ्या मुलाच्या आईच्या, पुष्पाबाईंच्या ओटीत. नारळ घरंगळला, घडी उलगडली आणि पुष्पाबाईंच्या पदरातून दोन फुगेबाह्या वर आल्या.

"अवं बाई, ह्या खणाला तर हात फुटले!" पुष्पाबाई ओरडल्या.

"मी न्हाई शिवला! मला गिरिजाबाईनं आत्ताच दिल्ता!" मामी आईकडे बोट करून म्हणाल्या, आणि मांडवभर हशा झाला. आईने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर मी नाडीसकट गेले असते.

तिसऱ्या दिवशी आपल्या गावच्या अकरा जणी झंपर घेऊन ओट्यावर हजर. मला वाटलं, मारायला आल्या. तर म्हणतात, "शिवलेला खण पुढं देता येत न्हाई. मंग आता घालावाच लागंल. जरा ढिला करून दे." सबंध आठवडा मी उसवते आहे. कादंबरीतल्या मुलीला शेवटी फुलं मिळतात. मला अकरा बायांच्या काखा मिळाल्या.

तेवढी गर्दी पाहून दादा विरघळतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ह्या काय खुशीनं घालून राह्यल्या का?" मी पुन्हा उसवायला बसले. येत्या रविवारी जाफराबादची मंडळी मला पाहायला येणार आहेत.

थोरांना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला विशेष.

तुमची,
शिवकन्या (टाचण्या वेचणारी)

ता. क. सोबतच्या पुडक्यात हिरवा झंपर आहे. ट्रंकेच्या तळाशी कागदाखाली सत्ताविसावा खण राहिला होता, त्याचा शिवला. रविवारी मंडळींच्या आधी या आणि तो घालून दादांसमोर बसा. दादा तुमचा शब्द मोडत नाहीत. पण आवडला तरच घाला, आत्या. खोटं घातलेलं दादा ओळखतात, आणि मलाही खरं कळायला हवं.

दुसरा ता. क. हा माझ्या मापाचा नाही, तुमच्या मापाचा आहे. दिवाळीत तुमचा निळा झंपर दोरीवरून हरवला होता ना? हरवला नव्हता. मीच तो पुरता उसवून शिकले, आणि तुमचं माप त्यावरूनच घेतलं. पुन्हा जोडता आला नाही.

तिसरा ता. क. पाचव्या कादंबरीची शेवटची पानं होती. त्यात ती मुलगी लग्न करते आणि कात्री नणंदेला देऊन टाकते. मी ती पानं फाडली, खळीने चिकटवली आणि तुमच्या बाहीचं कागदी कटिंग त्यांचंच केलं. बाही तीनदा कापून पाहिली आहे. बाकी कसंही असो, बाही बरोबर बसेल.