चुंबकाच्या सांध्यातली लोकर

ती. मावशीस,

तुझ्या लाडक्या (आईच्या मते लाडावलेल्या) भाचीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? काकांचं घोरणं? माझी तब्येत ठणठणीत. अब्रूचं मात्र काही खरं नाही, आणि त्याचं खापर तुझ्या स्वेटरवर फुटलंय.

आमचं चुंबक उणे अडीचशे अंशांवर ठेवतात, असं मी फोनवर बोलले काय आणि तू सुया काढल्यास काय! अगं, थंडी चुंबकाला, मला नव्हे. ते बंद पोलादी टाकीत गारठतं, आम्ही बाहेर चांगले उबेत असतो. तरी तो पिवळाजर्द स्वेटर तू विणलास म्हणून मी घामाघूम होऊन घालत राहिले. (पिवळा मला शोभत नाही, हे आईने कळवलं असेलच.)

आमचं यंत्र अणुकेंद्रं एकमेकांत मिसळवून न्यूट्रॉन काढतं, तेही एका खोलीत मावेल एवढ्या जागेत. (मोठी यंत्रं बांधणारे त्याला भातुकली म्हणतात.) न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतले भाग खराब होतात. ते बदलायचे तर भोवतीची चुंबकाची वेटोळी उघडता यायला हवीत, म्हणून त्यांना सांधे, आणि ते सांधे मी आखलेले. तांब्याची दोन तोंडं अशी घट्ट टेकवायची की मध्ये केससुद्धा जाता कामा नये. अर्धी मंडळी पहिल्यापासून म्हणत होती, सांधा नकोच, अखंड चुंबक करा. चाचणी फसली की माझी मेहनत भंगारात, हे ठरलेलंच होतं.

आणि चाचणी फसली. वीज सोडली, सांधा तापला, चुंबकाचा गारठा गेला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. सांधा उघडला तर आत लोकरीचा धागा चपटा होऊन बसलेला! मी तो चिमट्याने उचलला, मुठीत घेतला आणि म्हटलं, "माझाच." आमचे साहेब असे भडकले की विचारू नकोस. हात उडवत उडवत लोकर या विषयावर अर्धा तास बोलले. सांधा निर्दोष ठरला, चाचणी पुन्हा होणार. पण मला जोडणीच्या खोलीत यायला बंदी. माझाच सांधा जुळताना मी काचेबाहेर उभी असणार, याचं फार वाईट वाटतं गं. काकांना सांगू नकोस, हसतील.

तुझी,
स्वेटरवाली (हे नाव आता चिकटलं ते चिकटलंच)

ता. क. तुझ्या लोकरीला उगाच बोल लावला. तो धागा राखाडी होता. मूठ उघड, असं कुणी म्हटलंच नाही. साहेब प्रयोगशाळेच्या पांढऱ्या झग्याखाली राखाडी स्वेटर घालतात, त्यांच्या बायकोने विणलेला. बाई गेल्यापासून तो अंगावरून उतरत नाही. कोपर उसवलंय, त्यांना पत्ताच नाही. भर खोलीत कसं सांगणार?

पुन्हा ता. क. सोबतच्या पुडक्यात तोच स्वेटर आहे. धुऊन आणते म्हणून मागितला, तर कसाबसा दिला. चाचणीच्या आत कोपर विणून पाठव. डाव्या बाहीवर एक टाका चुकलाय. तुला तो बघवणार नाही, तरी हात लावू नकोस. बाईंच्या हातचा आहे.