काजळीकाठची अर्धी वाट

साखरपा,
७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दर्शनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून पत्र. काजळी नदीच्या काठाने आमची साठीवाल्यांची वरात समुद्राकडे रोज चार-पाच किलोमीटर सरकते. वर किंजळाची दाट झाडी, खाली नितळ पाणी. काल दुपारी कातळावर झोप लागली. जाग आली ती दचकून, आईची कूस बदलायची राहिली म्हणून. तिला उचलायला आपण दोघी लागतो. एकटी कशी करतेस? हितेंद्रला हाताशी घे. धाकटा भाऊ आहे माझा, माझं नाव सांग.

थोरल्या नणंदेवर रुसू नकोस.
तुझी सरोजताई

लालबाग,
११ नोव्हेंबर

ती. सरोजताईंना,
शि. सा. न. वि. वि.

अंजनारीच्या मुक्कामाच्या पत्त्यावर लिहितेय. आई बऱ्या आहेत. रोज विचारतात, "सरू खंय गेली?" मी सांगते, नदीवर. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं; मग मोरीत उभी राहून एकटीने पुन्हा वाचलं.

एक सांगते, ह्यांच्याजवळ बोलू नका. शनिवारी शेजारच्या शेवंतीला आईंजवळ बसवून औषधं आणायला गेले. दुकान मागे पडलं तरी पाय थांबेनात. वडाळ्यापर्यंत चालत गेले, तिथे एका पिंपळाखाली उभी राहिले नि परत फिरले. घरी सांगितलं, रांग होती.

तुम्ही सावकाश या. लोभ तेवढा नदीत सोडून येऊ नका.
तुमची दर्शना

अंजनारी,
१४ नोव्हेंबर

चि. सौ. दर्शनास,
आशीर्वाद.

इथे रेंज आहे, तरी फोन करत नाही. फोनवर तू नाही म्हणशील. आमच्यातला नील आज दादरला परततोय, त्याच्या हाती हे देते. मी शनिवारी घरी पोचते. रविवारी सकाळी परळ डेपोतून तू एसटीने निघ, पालीला उतर. आमची म्होरकी यशोदा तिथे थांबेल. समुद्रापर्यंतची उरलेली वाट तुझी.

बारा वर्षं मी समजत होते, आईला मी सांभाळते आणि तू मदत करतेस. आई माझी, आणि अडकलीस तू. पुढे जावंसं मलाही फार वाटतंय, खोटं कशाला सांगू? पण तू जा. माझे बूट तुला ढगळ होतील, दोन मोजे चढव.

नाही म्हणालीस तर बोलणार नाही.
तुझी सरोजताई

चांदेराई,
१९ नोव्हेंबर

ती. सरोजताईंना,
शि. सा. न. वि. वि.

आज मंडळी पुढे गेली, मी मागे राहिले. कुणी हाक मारली नाही. नदी इथे रुंद आणि संथ आहे. तुम्ही हव्या होतात. दोघींनी एकदम घराबाहेर कसं पडायचं, तेच चालता चालता शोधतेय. अजून सापडलं नाही. परवा समुद्र लागेल.

लावता तसाच जीव लावा.
तुमची दर्शना

ता. क. पाकिटाच्या पाठीवर लिहितेय. चिकटवल्यावर लक्षात आलं, आईंचं विचारलंच नाही. कशा आहेत?