सहा बाय तीनचा ओटा

मिरजगाव,
२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर यांचं नाव निघालं की आपण दोघी रडतो आणि कामाचं राहून जातं, म्हणून लिहिते. दुधाच्या टेम्पोवाल्याकडे उत्तर दे.

गोरक्ष सांगत होता, केडगावच्या नव्या घरात स्वयंपाकघराच्या मधोमध आयलंड करायचं आहे. वाचनालयातल्या पुस्तकांत मी बेटं पुष्कळ पाहिली, पण स्वयंपाकघरात ते कशाला? ओटा भिंतीपासून काढून मधे ठेवायचा, एवढंच मला कळलं. मग भिंतीला काय राहणार? माप लिहून पाठव.

आणि पाडव्यापासून मी तिकडेच राहायचं, हे त्याने परस्पर ठरवलंय. माझं अजून ठरलेलं नाही, असं माझ्या लेकाला, म्हणजे तुझ्या नवऱ्याला सांग. हे जाऊन वर्षही झालं नाही. या दाराला कुलूप लावायला हात धजत नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
आई

केडगाव,
६ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आता तुमच्या नावाआधी गं. भा. लिहायचं असतं म्हणे. माझ्याने लिहवलं नाही, रागावू नका.

भिंतीचा ओटा राहणारच, मधला वेगळा. खोली बारा बाय दहा. भिंतीचा ओटा दोन फूट रुंद. मिस्त्री मधला सहा बाय तीन करा म्हणतात. मग त्याच्या पुढे अडीच फूट वाट उरते आणि मागेही अडीच. पुरेल का? मोबाईलवर एक जण साडेतीन फूट सांगतो, दुसरा चार. कागदावर काढलं की सगळं बसतं, डोळे मिटले की काहीच बसत नाही. यांचं म्हणणं, करायचा तर मोठाच, आल्यागेल्याला दिसला पाहिजे. मिस्त्री म्हणतात, ग्रॅनाईट कापल्यावर मला बोलायचं नाही.

तुम्हीच सांगा. वापरणार आपण दोघी. दोघी लिहिलंय, नीट वाचा.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची,
माधुरी

मिरजगाव,
११ फेब्रुवारी

चि. सौ. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

कागदावर मलाही कळेना. म्हणून गोठ्याच्या उरलेल्या विटा अंगणात मांडल्या, भिंतीपासून अडीच फूट सोडून, सहा बाय तीन. तेवढ्यात तुझे चुलतसासरे सहादेव भाऊजी आले. विटा पाहून थबकले, चपला काढल्या आणि हात जोडले. मला वाटलं, हे आज माझ्या पाया का पडतात! मग हळूच म्हणाले, की वहिनी, दादाची समाधी मळ्यात बांधायची असती, दारात न्हाई. मी सांगितलं, हे माधुरीचं स्वयंपाकघर आहे. ते तर त्यांना आणखीच कळेना. तोवर शेजारणीने झेंडूची फुलंही वाहिली होती. मी हसले गं. किती महिन्यांनी हसले.

संध्याकाळी परात घेऊन विटा आणि भिंत यांच्यामधून जाऊन पाहिलं. अंग चोरून, आडवी चालत होते. मग लक्षात आलं, यांची लोखंडी कॉट एवढीच होती. मधल्या खोलीत ती लागल्यापासून आपण सगळेच तिच्या कडेने असे जायचो. धक्का लागला की त्यांना कळ यायची.

आता ओटाच मोठा आहे की मला कॉट दिसते, सांगता येत नाही. तू चुकीच्या बाईला विचारलंस.

मायेत उणं नसावं.
आई

केडगाव,
१५ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. त्यांनी मला नव्या घरात नेलं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या सहा बाय तीन पसरल्या आणि म्हणाले, तू शेगडीच्या जागी उभी राहा, मी मागून जातो. आणि आई, ते आडवे होऊन गेले. गोण्या जमिनीवर सपाट पडलेल्या, धक्का लागणार कशाला? तरी पोट आत घेऊन. मग त्याच गोण्यांवर बसून राहिले.

आता चार बाय दोन ठरवलाय. शेगडीकडची वाट साडेतीन फूट. मिस्त्री विचारतात, याला ओटा म्हणायचं की पाट? बरोबर झालं की नाही, आम्हालाही कळत नाही. दोन बायका एकमेकींना न अडता जातील, एवढं मात्र नक्की. दुसरी तुम्ही असाल तर.

कृपा असावी, आणि उत्तर लवकर यावं.
माधुरी

मिरजगाव,
१९ फेब्रुवारी

चि. सौ. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

विटा काढून चार बाय दोन केल्या. फुलं तुळशीत ठेवली, टाकवली नाहीत. आज सकाळी विटांवर परात ठेवून बाजरीचं पीठ मळलं. मग एक फेरी मारली. एका कोपऱ्यावर अंग चोरून आडवी झालेच.

भाऊजी आले. चपला काढाव्यात की नाही, त्यांना सुचेना. एक काढली, एक पायात ठेवली आणि तशीच भाकरी खाऊन गेले.

पाडव्याला येते. राहायला की ओटा बघायला, ते माझं मलाच अजून कळत नाही. परात मात्र घेऊन येते. तिच्यापुरती जागा मोकळी ठेव.

माया आहेच, ती भेटीत मोजू.
तुझी,
आई